सावधपण हाताशी हवं

दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थ हरिकथा आणि राजकारणानंतर तिसरं स्थान सावधपणाला देतात. गाडीत बसताना मला ते आठवतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि मुंबईत बुडालेल्या बंद गाड्यांत माणसं गुदमरून गेली.

म्हणून माझ्या गाडीत एक छोटी पिशवी असते: टॉर्च, शिट्टी, पाणी, ओआरएस, बँडेज, पॉवरबँक. काच फोडायची हातोडी आणि सीटबेल्ट कापायचं कटर मात्र डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवं. घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात घालायचा. पुढची काच तडकते, पण सुटत नाही.

मित्रांनो, नाम ओठांवर असावं, तसं सावधपण हाताशी. तुमची हातोडी कुठे आहे, आजच बघा.