उत्तरदायित्व कोणापाशी?

'उत्तरदायित्व' हा शब्द आपण राज्यशास्त्रात मंत्रिमंडळाच्या प्रकरणात शिकतो व परीक्षेत लिहून विसरतो. ती परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठालाही तो लागू आहे.

गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तोवर चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. अंतर कमी झाले हे खरे. तरी सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला गडचिरोलीही सुमारे २०० किलोमीटर पडते. एवढ्या दुरून जाब विचारायचा कसा?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागावा. न लागल्यास कुलगुरूंनी विलंबाची कारणे कुलपतींना व शासनाला कळवावीत. येथेच मला उणीव दिसते. खुलासा वर जातो. निकालाअभावी ज्याचा पुढचा प्रवेश अडला, त्याला तो पाठवण्याचे बंधन नाही. तोच कागद महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावला तर काय बिघडेल?

विद्यार्थ्याच्या हाती दुसरे एक साधन मात्र आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालील 'माहिती' होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी दिला. अर्ज मराठीत चालतो, शुल्क १० रुपये; दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ. कारण सांगावे लागत नाही. पोस्टाने पाठवला तरी चालतो. उत्तरपत्रिका मात्र ठरावीक मुदतीपर्यंतच जपून ठेवतात. तेव्हा निकाल लागताच अर्ज करावा.