परित्यागाचे दुःख आणि आत्मोद्धार

परक्यांनी केलेला अपमान मनुष्य कालांतराने विसरतो. परंतु स्वकीयांनी केलेला त्याग त्याला सहजासहजी विसरता येत नाही. मातेने सोडलेले मूल, पित्याने नाकारलेला पुत्र, पतीने टाकलेली स्त्री, मुलांनी दूर केलेले वृद्ध आईबाप, या सर्वांच्या अंतःकरणात एकच विचार सलत असतो. ज्यांनी जवळ करावयाचे त्यांनीच दूर लोटले, त्या अर्थी आपल्यातच काही उणे असले पाहिजे, हा तो विचार होय. अन्नवस्त्राची उणीव भरून काढता येते; हा हीनभाव मात्र आत राहून मनुष्याची निर्णयशक्तीच दुबळी करतो. त्याचे स्वरूप काय आणि गीतेने दाखविलेला उपाय कोणता, हे प्रत्येक गृहस्थाने समजून घेणे हिताचे आहे.

महाभारतात या दुःखाचे ठळक उदाहरण कर्णाचे आहे. कुंतीने लोकापवादाच्या भयाने नवजात बालक पेटीत घालून नदीच्या प्रवाहात सोडले. अधिरथ नावाच्या सूताला ते सापडले व त्याची पत्नी राधा हिने ते पोटच्या पुत्राप्रमाणे वाढविले. पुढे हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाशी द्वंद्वयुद्धास उभा राहिला, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे कुल आणि मातापिता विचारले. जन्मदात्रीने त्याग केल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापासून हिरावले गेले होते. अर्जुनाच्या तोडीचा तो वीर लज्जेने खाली मान घालून उभा राहिला. त्याच क्षणी दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य दिले आणि मोबदल्यात अखंड मैत्री मागितली. कर्णाने ती तत्काळ दिली.

येथेच परित्यक्त मनुष्यावरचे खरे संकट दिसून येते. मानाला भुकेलेला मनुष्य, जो प्रथम मान देईल त्याच्या हाती आपला विवेक गहाण टाकतो. पांडवांना आपण जी कठोर वचने बोललो ती दुर्योधनाला प्रिय वाटावे म्हणून, आणि त्याचा आपणांस आता पश्चात्ताप होतो, असे कर्ण स्वतःच उद्योगपर्वात श्रीकृष्णांना सांगतो. म्हणजे त्याची बुद्धी जागी होती. परंतु मिळालेल्या मानाचे ऋण तिच्याहून बलवत्तर ठरले.

वास्तविक त्याच रंगभूमीवर आणखी एक प्रसंग घडला होता. वृद्ध अधिरथ घामाघूम होऊन, काठी टेकीत, थरथरत आत आला. नुकताच अभिषेक झालेल्या कर्णाने धनुष्य बाजूला ठेवून आपले ओले मस्तक त्याच्या चरणांवर ठेवले आणि अधिरथाने त्याला ‘पुत्र’ म्हणून हृदयाशी धरले. भीमाला त्यात उपहासाचा विषय दिसला. कर्णाला मात्र त्या नात्याचे मोल ठाऊक होते. राधेला आपल्यावरील स्नेहाने पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने आपले जातकर्म केले. सर्व पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी हे नाते तुटावयाचे नाही, असे त्याने श्रीकृष्णांना निक्षून सांगितले. सभेने ज्याचे मोल नाकारले, त्याच्या वाट्याला घरात निर्हेतुक प्रेम आले होते. त्या प्रेमावर आत्मसन्मान उभारला असता, तर दुर्योधनाच्या देणगीची बेडी झाली नसती.

आधुनिक मानसशास्त्रही याच दिशेने बोलते. जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात, बालकाच्या मनःस्वास्थ्यासाठी मातेचे किंवा कायमपणे मातेच्या ठिकाणी असणाऱ्या व्यक्तीचे उबदार व अखंड सान्निध्य आवश्यक मानले. ती व्यक्ती जन्मदात्रीच असली पाहिजे असे नाही. राधा ही अशीच माता होय.

आता गीतेचा उपाय पाहावा. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात, मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, स्वतःला खचू देऊ नये, कारण तोच आपला बंधू व तोच आपला शत्रू आहे, असा बोध आहे. हा दुःखिताला लावलेला दोष नव्हे; त्याच्या हाती दिलेला अधिकार आहे. त्याग हे त्याग करणाऱ्याचे कर्म आहे. ते भयातून, दारिद्र्यातून, लोभातून वा मोहातून घडते. कुंतीच्या कृतीने कुंतीचे भय प्रकट झाले. नवजात अर्भकाचा दोष त्यातून कसा सिद्ध होणार? ‘माझ्या बाबतीत असे घडले’ आणि ‘मी असा आहे’ ही दोन वाक्ये साधकाने नित्य वेगळी ठेवावीत. मन पुन्हा तिकडे धावले तर त्याच अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकाप्रमाणे त्याला धीराने परत आणावे. हा अभ्यास एका दिवसाचा नव्हे.

दुसरे साधन शरणागतीचे. नवव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःस या जगाचा पिता, माता, आश्रय आणि सुहृद म्हटले आहे व आपण सर्व भूतांच्या ठायी सम असल्याचे सांगितले आहे. मूळ घरातून कोणीच बाहेर टाकला गेलेला नाही, हा याचा अर्थ. या श्रद्धेबरोबरच, ज्या आजीने, शिक्षकाने अथवा शेजारणीने माया केली, त्यांचे रोज कृतज्ञतेने स्मरण करावे.

तिसरे साधन स्वकर्माचे. वाहवा मिळावी म्हणून केलेले काम मनुष्याला परावलंबी करते. अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ईश्वरपूजा म्हणून केलेले तेच काम त्याला स्थैर्य देते.

ज्याने त्याग केला त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न उरतो. युद्धापूर्वी कुंती गंगातीरी आली, तेव्हा कर्णाने आपले दुःख गिळले नाही. शत्रूही करणार नाही असे तू केलेस, हे त्याने स्पष्ट सांगितले. तरी सूड घेतला नाही. अर्जुनावाचून इतर चौघांना मारणार नाही, तुझे पुत्र पाचच राहतील, असे वचन त्याने दिले. बाराव्या अध्यायातील अद्वेष म्हणजे सत्य दडपणे नव्हे, आणि पुन्हा एकत्र राहण्याची सक्तीही नव्हे. मनातील विष काढून टाकणे हे साधकाचे काम. किती जवळीक ठेवावी, हे विवेकाने ठरवावे. दुःख अन्ननिद्रा हिरावून घेत असेल, किंवा जीवन नकोसे वाटत असेल, तर विलंब न करता विश्वासू माणसाला सांगावे व वैद्याचे किंवा मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

गृहस्थाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुंतीलाही तिच्या पित्याने, शूराने, बालपणी निपुत्रिक कुंतिभोजाला देऊन टाकले होते, आणि वृद्धपणीही श्रीकृष्णांजवळ तिने त्याबद्दल पित्यालाच दोष दिला. न भरलेली जखम पुढच्या पिढीच्या वाट्याला कशी येऊ शकते, याचे हे सूचक उदाहरण आहे. 1956 च्या कायद्याने दत्तक अपत्याला औरस अपत्याचे स्थान दिले, 2007 च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या पोषणाचे दायित्व मुलांवर ठेवले. परंतु कायदा हक्क देतो, आपलेपणा घरानेच द्यावा लागतो. मंगलकार्यात, पंगतीत, सोयरिकीच्या बोलण्यात ‘हा कोणाचा?’ हा कृपाचार्यांचा प्रश्न आजही सहज विचारला जातो आणि कोणाची तरी मान खाली जाते. तो प्रश्न गिळून, त्या मनुष्याला आपल्या शेजारी पाट मांडून द्यावा. राधेने याहून निराळे काही केले नव्हते.