दर सोमवारची परीक्षा

कोल्हापूर

चि. ओंकार,

तुझ्या वहीच्या पानांचे फोटो मिळाले. तिन्ही व्हिडिओही दोन-दोनदा पाहिले. तू वही ठेवतोस याचं मला फार बरं वाटलं. जिममधल्या पोरांना मागच्या आठवड्यात किती मारलं असं विचारलं, तर बहुतेक जण छताकडे बघायला लागतात. तू निदान लिहून तरी ठेवलंयस, म्हणून मला इथं बसून काही बोलता येतंय.

तुझा प्रश्न होता, ‘मामा, मेहनत कमी पडतेय का?’ मेहनत कमी नाही. उलट एका जागी नको तितकी होतेय.

तुझी पानं तूच एकदा सलग वाच. चार महिने प्रत्येक सोमवारचा बेंच प्रेस सारखाच आहे. ६० किलोचे दहा, ७० चे आठ, ८० चे चार, ९० चा एक, मग ९२.५ फेल. थोडं पाणी प्यायचं, पार्टनरला हाक मारायची, पुन्हा ९२.५. ज्या सोमवारी अंगात जास्त वारं भरलं त्या सोमवारी ९५. यात ताकद वाढावी असं काम कुठं झालं? ६० आणि ७० हा वॉर्म-अप. ९० चा एक रेप ही मोजणी. त्यापुढचं सगळं फेल. आठवड्यातून एकच दिवस बेंच, आणि त्या दिवसात खऱ्या कामाचा सेट एकच, तो ८० चा. अभ्यास न करता दर सोमवारी वार्षिक परीक्षेला बसल्यासारखं झालंय हे; आणि निकाल दर वेळी तोच लागतोय म्हणून तू चिडतोयस.

आता तो तिसरा व्हिडिओ. तुझा पार्टनर डोक्याशी उभा आहे, रॉडखाली दोन्ही हात, आणि ओरडतोय, ‘तूच, तूच, भावा, हातपण नाही लावला!’ आवाज बंद करून बघ. त्याच्या हाताच्या शिरा तटतटलेल्या दिसतात, कंबर मागं गेलेली दिसते. बिचारा उभ्या उभ्या रोइंग मारतोय. ते ९२.५ वहीत तुझ्या नावावर लिहिलंस, ते खोड. स्पॉटर जीव वाचवायला असतो, आकडा वाढवायला नाही.

आणि खोडायचंच आहे तर ९० पण खोड. रागावू नकोस. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत रॉड छातीवर आणून थांबवावा लागतो, पंचाने ‘प्रेस’ म्हटल्यावरच वर ढकलायचा, आणि तेवढा वेळ डोकं, खांदे, ढुंगण बेंचला आणि पाय जमिनीला टेकलेले असायला हवेत. तुझा रॉड छातीवर आपटून वर येतो आणि तो अडला की तुझी कंबर बेंचवरून चांगली चार बोटं उठते. या हिशोबाने तुझं स्वच्छ वजन आज ८५ आहे. इथून पुढे सगळं गणित ८५ वर.

तुझ्या पिढीला सगळं नवीन वाटतं, म्हणून जरा मागचं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म नावाचा डॉक्टर होता. त्याला स्वतःला वजनं उचलायचा नाद. गुडघे कामातून गेलेले सैनिक हलक्या वजनाने शेकडो वेळा पाय हलवत बसायचे आणि महिनोन्‌महिने बरे व्हायचे नाहीत. याने त्यांना जड वजन दिलं, रेप्स मोजके ठेवले आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. त्यावरचा त्याचा लेख १९४५ मध्ये आला. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त आवडते. सुरुवातीला तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. १९४८ पर्यंत तो तीन सेटवर आला, कारण तेवढ्यानेही काम होत होतं. आज प्रत्येक जिमच्या भिंतीवर ‘३ × १०’ लिहिलेलं असतं, त्याचा उगम बराचसा इथं आहे.

आपल्या तालमीतही जोर-बैठका वाढवत नेतात, पण तिथं वाढतो तो आकडा, भार नाही. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भार हातांवर येतो. तुझ्या ७० किलोत ते ४५-४७ झाले. पन्नासाचे दोनशे केलेस तर दम वाढेल, छाती भरेल, कुस्तीत समोरच्याला दमवशील. शंभरचा बेंच त्याने येणार नाही. तालमीच्या मातीत वाढलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा ऐक. जोर मार, मला आनंदच आहे, पण बेंचच्या दिवशी नको.

तर आता काय करायचं.

पहिला आठवडा हलका. ५० च्या वर जायचं नाही, रेप्सही मोजके. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय असं तू ओझरतं लिहिलंयस, ते या आठवड्यात उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर पुढचं काही वाचू नकोस, आधी डॉक्टरला दाखव.

मग बेंच आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी ७० किलो, चार-चारचे पाच सेट. प्रत्येक सेट संपताना अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. हे तुला जड जाईल, कारण दोन रेप शिल्लक ठेवून रॉड रॅकवर ठेवणं तुम्हा पोरांना हार वाटते. शुक्रवारी ६०, सहा-सहाचे चार, पण प्रत्येक रेपला रॉड छातीवर टेकवून मनात ‘एक, दोन’ म्हणायचं आणि मगच ढकलायचं. तुझा रॉड छातीपासून दोन-तीन इंचांवर मरतो. खालून मिळालेला जोर तिथं संपतो आणि खांद्यावरचा भार तिथंच सगळ्यात वाईट कोनात असतो. आत्तापर्यंत छातीच्या उशीवर आपटून तू ती जागा चुकवत आलास. थांबून मारलंस की तिथंच काम होतं. ज्याचा रॉड अगदी वर, हात सरळ होताना अडतो, त्याला मी ट्रायसेप्स आणि हात जवळ धरून बेंच सांगितला असता. तुझं ते दुखणं नाही, तेव्हा तुझ्या वहीतल्या ट्रायसेप्सच्या पाच प्रकारांतले तीन काढून टाक आणि त्या वेळात पाठ मार. रोइंग, पुल-अप्स. तुझी छाती पुढं आणि पाठ रिकामी आहे.

मंगळवारचं वजन दर आठवड्याला एक किलोने वाढव. ७०, ७१, ७२. चौथा आठवडा हलका, ६० वर. मग पुन्हा ७२ पासून, तसंच पुढं. बारा आठवड्यांनी तू ७६ चे चार मारत असशील, तेही दोन शिल्लक ठेवून. म्हणजे सहा निघतील असं धर. वजनाला रेप्सनी गुणायचं, तिसाने भागायचं आणि ते मूळ वजनात मिळवायचं, असा एक जुना ठोकताळा आहे. त्याने ९१ येतात. आज फक्त ८५ स्वच्छ आहेत, हे विसरू नकोस.

एक किलो कसा वाढवायचा, जिममध्ये तर सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची, असं तू म्हणशील. तिथंच तर सगळे अडकतात. दोन्हीकडे सव्वा म्हणजे अडीच किलोची उडी, आणि ती स्क्वॉटला चालते तशी बेंचला चालत नाही. मी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चकत्या कापून घेतल्यात, भोक रॉडच्या ५० मिलिमीटरच्या टोकाला बसेल एवढं. जिममधली पोरं हसतील. त्यांना सांग, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलले आणि सुवर्ण गेलं २४९ वाल्या मलेशियाच्या मुलाकडे. एक किलो. त्यातही कोपर दुखावलेलं असताना तो शेवटच्या प्रयत्नाला पुन्हा प्लॅटफॉर्मवर आला होता.

आता झोपायची पद्धत. बेंचवर पडलास की आधी दोन्ही फरे मागं ओढून खाली दाब, जणू ते पँटच्या मागच्या खिशात घालायचेत, आणि शेवटच्या रेपपर्यंत सोडू नकोस. तू रॅकवरून रॉड काढतानाच ते सोडतोस. म्हणून तर खांदा दुखतो. रॉड गळ्याकडे नको, छातीच्या खालच्या भागावर उतरव, आणि वर जाताना किंचित मागं, खांद्यांच्या रेषेकडे जाऊ दे. कोपरं पूर्ण बाहेर फाकवू नकोस. अंगठा रॉडभोवती, नेहमी. अंगठा सोडून धरणाऱ्यांचा रॉड हातातून निसटलेला मी पाहिलाय. रॉडवर दोन्ही बाजूंना खरखरीत भागात एक गुळगुळीत रेघ असते, पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर त्या दोन रेघांत ८१ सेंटिमीटर अंतर असतं. तिच्यापासून बोट मोजून रोज त्याच जागी पकड. तुझ्या तीन व्हिडिओंत तीन वेगळ्या पकडी आहेत.

पायांबद्दल युट्यूबवर फार ऐकलंयस असं दिसतं. पाय रोवलेले हवेत, नाचायला नकोत, एवढंच. इराणचा सियामंद रहमान रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये ३१० किलो मारून गेला, आणि त्या खेळात पाय बेंचवरच सरळ ठेवलेले असतात, जमिनीचा आधार नाहीच. त्याचा व्हिडिओ शोध आणि रॉड हातात येण्याआधी तो वरच्या पाठीची मांड किती वेळ जमवतो ते बघ.

आता जेवण. वहीच्या कोपऱ्यात तू वजन लिहितोस, ते चार महिने ७० वरून हललेलं नाही. काही न खाता रॉड वाढेल ही आशा सोड. महिन्याला एखादा किलो चढू दे, पोट थोडं दिसलं तरी बिघडत नाही. शरीराच्या दर किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे तुला ११०-११५ ग्रॅम. मेसच्या दोन वाट्या पातळ आमटीत ते नसतं. चार अंड्यांचे २४, अर्धा लिटर दुधाचे १६, पन्नास ग्रॅम सोया चंक्सचे २५-२६, व्हेचा एक स्कूप घेतोस त्याचे २४. उरलेलं डाळ-पोळी, दही, उसळ भरून काढेल. क्रिएटिन घ्यायचं तर रोज तीन ते पाच ग्रॅम, साध्या पाण्यातून. त्या रंगीत प्री-वर्कआऊटवर पैसे घालवण्यापेक्षा रात्री साडेबाराला फोन ठेवून झोप.

तुझी आई सहज बोलता बोलता म्हणाली की तू सोमवारचे उपवास धरलेस. अरे, मग सोमवारीच चेस्ट कसला मारतोस? दिवसभर साबुदाणा आणि दोन केळी, आणि संध्याकाळी ९५ खाली झोपायचं! उपवास सोड असं मी म्हणणार नाही, महादेवाचं आणि तुझं तुम्ही बघा. बेंच मंगळवारी ने. सोमवारी रात्री उपवास सोडताना पोटभर जेव, भातासकट.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या जिमचा ट्रेनर ‘कोर्स’बद्दल बोलला असेलच, पठ्ठ्याचा आकडा अडला की त्यांची दुकानदारी सुरू होते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घातलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, बंदही करतं, आणि तेविसाव्या वर्षी हा व्यवहार कोणी शहाणा करत नाही. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन तर आणखी वाईट. ते ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब पडलेल्या रुग्णासाठी आहे. जिमच्या मागच्या खोलीत पोरं ते दंडात टोचून घेतात आणि हृदय धडधडलं की जोश आला म्हणतात. कोणी पुढं केलंच तर त्याच दिवशी ती जिम सोड. फी बुडाली तर मी देतो.

शंभर कधी होतील? दिवाळीला होणार नाहीत. दिवाळीच्या आधी एकदा नीट परीक्षा घे, स्पर्धेसारखे तीनच प्रयत्न: ८०, मग ८७.५, मग ९०. प्रत्येक रेपला छातीवर थांबून, कंबर न उचलता. तिसरा गेला की घरी जा. पहिल्या वर्षी तू भराभर वाढलास, कारण मज्जासंस्था नवं काम शिकत होती. आता मांस वाढवावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो. असंच चाललं तर गुढीपाडव्याच्या आसपास शंभरला हात लाव. मधल्या काळात कोणी ‘बेंच किती?’ विचारलं तर पंच्याऐंशी सांग.

एकटा असशील तेव्हा रॉडला कॉलर लावू नकोस. अडकलास तर एका बाजूला कलंडून प्लेट पाडता येतात. आवाज झाला तर होऊ दे.

तुझा,
मामा

ता. क. चकत्या रविवारी तुझ्या आईबरोबर पाठवतोय, तिच्या पिशवीतून आठवणीनं काढून घे. आणि एकदा जिममधला रॉड आणि तू वापरतोस त्या प्लेट काट्यावर घालून बघ. प्लेटवर १० ओतलंय म्हणून ती १० भरतेच असं नाही, आणि प्रत्येक रॉड २० चा नसतो. जे भरेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिही, प्लेटवर खडूने खूण कर आणि दर वेळी त्याच घे.