मन वळवण्याचे दोन मार्ग : संदर्भ कुठले घ्यावेत?

प्रश्न : मन वळवण्याच्या 'दोन मार्गां'च्या सिद्धान्तावर निबंध लिहायचा आहे. इंटरनेटवरच्या माहितीवर विसंबावे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : हा सिद्धान्त रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो यांचा. त्यांचे १९८६चे पुस्तक हा मूळ आधार. त्याआधी 'जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी'तला १९८१चा प्रयोग वाचावा. त्यात, नवी परीक्षा पुढच्याच वर्षी येणार, असे समजलेल्या विद्यार्थ्यांवर युक्तिवादाच्या दर्जाचा प्रभाव जास्त पडला. ती दहा वर्षांनी येणार, असे समजलेल्यांवर सांगणाऱ्याच्या अधिकाराचा. युक्तिवाद तोलणे आणि सांगणाऱ्याकडे पाहणे हे दोन्ही मार्ग एकमेकांपासून तुटलेले असतात, हा गैरसमज. ती एकाच पट्टीची दोन टोके. इंटरनेटवरचा लेख सुरुवातीला चालतो, मात्र त्यातले दाखले गूगल स्कॉलरवर शोधून मूळ लेखाशी ताडावेत. न वाचलेला ग्रंथ संदर्भसूचीत देऊ नये.