शीर, स्नायू आणि पेशी

खेड्यातून दवाखान्यात जाणारा दुखणाईत बहुधा एकटा जात नाही. उपदेशक, शिक्षक किंवा मंडळीतील एखादी जाणती बाई त्याच्यासोबत असते, आणि डॉक्टरांपुढे बोलण्याचे काम पुष्कळदा तिच्याकडे किंवा त्यांच्याकडेच येते. तेव्हा शरीराच्या हालचालीविषयीचे चार शब्द नीट समजून घेणे जरूर आहे, म्हणून हा धडा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१. एक शब्द, अनेक अर्थ

‘शीर आखडली’ असे आपण सहज म्हणतो. परंतु रक्त वाहते ती शीर, टाचेमागे दोरीसारखी ताठ लागते तीही शीर, आणि मुंग्या आल्या म्हणजे ‘दबते’ तीही शीर! ह्या तीन वस्तू अगदी भिन्न आहेत.

‘स्नायू’ ह्या शब्दाचीही तीच गोष्ट. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे निरनिराळे भाग, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधणारी बंधने. फळ्या बांधून केलेली नाव जशी पाण्यात भार सोसते, तसे हे शरीर स्नायूंनी बांधलेले असून भार सोसते, असा दृष्टान्त त्या ग्रंथात आहे. यहेज्केलाच्या ३७व्या अध्यायात शुष्क अस्थींवर आधी स्नायू येतात, मग मांस चढते व मग त्वचा येते. तेथेही स्नायू मांसाहून वेगळाच आहे. आजच्या शाळेच्या पुस्तकांत मात्र हालचाल करणाऱ्या मांसालाच स्नायू म्हणतात, आणि पेशी हे नाव सर्व सजीवांच्या अतिसूक्ष्म घटकाला दिले आहे. दवाखान्यातही हाच अर्थ चालतो. पुढे आम्हीही तोच घेतला आहे.

२. मोटेचा दृष्टान्त

आता विहिरींवर पंप बसले, तरी मोट पुष्कळांना आठवत असेल. बैल ओढतो, नाडा ती ओढ पोहोचवितो, आणि हाकणाऱ्याच्या शब्दावाचून बैल हलत नाही. शरीरात स्नायू हा बैल, कंडरा हा नाडा, आणि मज्जातंतू हा हाकणाऱ्याचा शब्द होय. हाडाला हाड बांधून सांधा जागेवर ठेवितो तो अस्थिबंध.

हे आपल्याच हातावर पाहता येते. कोपर वाकवून दंडाची बेटकुळी काढा व कोपराच्या पुढील घडीत बोट लावा. तेथे ताठ दोरी लागेल, ती कंडरा. स्नायू आखडून ओढितो, ढकलीत मात्र नाही. म्हणून हात वाकविण्यास दंडाच्या पुढचा स्नायू लागतो आणि कोपर जोराने सरळ करण्यास मागचा. एक आखडतो तेव्हा दुसरा सैल पडतो.

३. दुखते, की हलत नाही?

पाय मुरगळला म्हणजे बहुधा अस्थिबंध ताणला जातो. पेटका किंवा गोळा येतो तो स्नायूत. उसण भरली म्हणजे पाठीचा स्नायू धरतो. ह्या सर्वांत दुखणे असते. परंतु दुखणे नसताना अवयव हलेनासा झाला, तर तो विकार लहान समजू नये. तेथे बैल उभा असतो, पण हाकणाऱ्याचा शब्द त्याला पोहोचत नाही.

पोलिओत असेच होत असे. रोगाचा घाव पाठीच्या कण्यातील मज्जापेशींवर पडे, आणि आज्ञा न मिळाल्याने पायाचा स्नायू वाळून जाई. भारतातील ह्या रोगाचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तरीही पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर सरकारी दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.

कुष्ठरोगातही घाव मज्जातंतूवर असतो. बोटे आकडीसारखी वळतात, पाऊल लोंबते, आणि चटका बसला तरी कळत नाही. वेदना नाही म्हणून रोगी घरीच राहतो, आणि त्यातच त्याचा हात जातो. वेळीच औषध घेतल्यास रोग बरा होतो, आणि हे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ मध्ये आलेले डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी अशा वळलेल्या हातांकडे लक्ष दिले. हाताच्या पंज्यातील लहान स्नायू निकामी झाले असले, तरी कोपराखालचे काही स्नायू धडधाकट राहतात, हे पाहून त्यांनी चालत्या स्नायूची कंडरा काढून लुळ्या बोटांस जोडली. जणू काम करणाऱ्या बैलाचा नाडा थांबलेल्या मोटेला बांधला! शस्त्रक्रियेनंतर व्यायामाने रोगी नवी हालचाल शिके, आणि पुष्कळांचे हात पुन्हा कामास लागले.

४. डॉक्टरांस काय सांगावे

अवयवाचे नाव चुकले तरी चालेल, पण पुढील चार गोष्टी नेमक्या सांगाव्यात :

(१) दुखते, की हलत नाही, की स्पर्शच कळत नाही?
(२) कोणती हालचाल होत नाही? ‘हात गेला’ असे न म्हणता ‘भाकरी मोडता येते, पण हात डोक्यापर्यंत जात नाही’ असे सांगावे.
(३) एकाएकी झाले, की हळूहळू?
(४) आधी पडणे, जखम किंवा ताप होता काय?

दोन प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब करू नये. तोंड एकाएकी वाकडे होऊन एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो अर्धांगवायू समजावा. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून अंगारे-धुपारे व तेल चोळणे ह्यांत वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. दुसरा प्रसंग, जखमेनंतर जबडा उघडेनासा होऊन अंग ताठ होऊ लागले, तर तो धनुर्वात असण्याचा संभव असतो. त्यासही लगेच रुग्णालयात न्यावे.

उपदेशक बंधूंनी हा धडा मंडळीत वाचून दाखवावा, आणि वरील चार प्रश्न मुलांकडून पाठ करवून घ्यावेत. आजीबरोबर दवाखान्यात जाण्याची पाळी कित्येकदा त्यांच्यावरच येते.