‘फॉल्स’ लिहिलं तरी ट्रू! एक्सएसएलटीमधली बूलियनची तपासणी

सी आणि जावा शिकून आपण एक्सएमएलकडे वळतो तेव्हा ‘इफ’ म्हटलं की त्यात नवीन काय, असं वाटतं. एक्सएसएलटीमधला ‘इफ’ मात्र दिसायला ओळखीचा आणि वागायला अनोळखी आहे. तो चुकला तर एरर येत नाही, लाल रेघ दिसत नाही. उत्तर मात्र चुकीचं येतं.

एक्सएमएल फाइलमधल्या माहितीचं वेब पान, साधा मजकूर किंवा दुसरी एक्सएमएल फाइल बनवायची भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिची १.० आवृत्ती आणि अटी लिहिण्याची तिची उपभाषा एक्सपाथ १.० या दोन्ही १६ नोव्हेंबर १९९९ रोजी डब्ल्यूथ्रीसीने शिफारस म्हणून जाहीर केल्या.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. समजा, अशा वेळी कोणत्या तालुक्यांना सूचना पाठवायची याची यादी आपल्याला फाइलमधून काढायची आहे. जिल्ह्यात तालुके सात, आपल्याला तीनच पुरेत:

<तालुके>
  <तालुका नाव="पवनी" नदीकाठ="ट्रू"/>
  <तालुका नाव="साकोली" नदीकाठ="फॉल्स"/>
  <तालुका नाव="लाखांदूर"/>
</तालुके>

(इथे नदी म्हणजे फक्त वैनगंगा, चुलबंदवाल्यांनी रागावू नये.) लाखांदूरही वैनगंगेच्या काठी आहे, पण तिथला शेरा भरायचा राहून गेला आहे असं समजा. टॅगची नावं देवनागरीत पाहून दचकू नका, एक्सएमएलला ती चालतात. बाकीचे कीवर्ड आणि ट्रू-फॉल्स मशीनवर टाइप करताना मात्र रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावेत.

आता पहिला प्रयत्न:

<एक्सएसएल:इफ टेस्ट="@नदीकाठ">

यात पवनी येते, हे ठीक. पण साकोलीही येते! कारण एक्सपाथ १.० इथे अॅट्रिब्यूटमध्ये काय लिहिलंय हे वाचतच नाही. अॅट्रिब्यूट आहे का, एवढंच विचारतो. आहे, मग ट्रू.

बरं, स्ट्रिंग करून पाहू: टेस्ट="स्ट्रिंग(@नदीकाठ)". तरी साकोली येतेच. स्ट्रिंगचा नियम असा की ती रिकामी असेल तरच फॉल्स, एक अक्षर जरी असलं तरी ट्रू. ‘फॉल्स’ या शब्दात अक्षरं आहेत, म्हणून तो ट्रू! आकड्यांचं वेगळं आहे. शून्य आणि ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’, हे दोन फॉल्स आणि बाकी सगळे आकडे ट्रू. पण नदीकाठ="०" लिहून नुसतं @नदीकाठ तपासलं तर उत्तर पुन्हा ट्रूच, कारण तिथे आकडा नाही, अॅट्रिब्यूट आहे. आधी नंबर(@नदीकाठ) करावं लागतं.

मग हुशार विद्यार्थी लिहितो: टेस्ट="@नदीकाठ = ट्रू()". ट्रू() हे फंक्शन आहे, म्हणून कंस हवेच. कंस विसरलात तर प्रोसेसर ‘ट्रू’ नावाचा टॅग शोधत बसतो. पण कंस देऊनही साकोली हटत नाही! १.० मध्ये बूलियनशी तुलना करताना डावीकडचा नोडसंचही आधी बूलियन केला जातो. साकोलीला अॅट्रिब्यूट आहे, म्हणजे ट्रू. आणि ट्रू बरोबर ट्रू.

सरळ उपाय म्हणजे शब्दाशी शब्द ताडून पाहणं. एक्सएमएल स्कीमाच्या बूलियनला ट्रू, फॉल्स, १ आणि ० ही चारही रूपं चालतात, म्हणून दोन्ही होकार तपासावेत. पुढेमागे स्पेस पडली असेल तर तीही काढावी:

टेस्ट="नॉर्मलाइझ-स्पेस(@नदीकाठ) = 'ट्रू' ऑर नॉर्मलाइझ-स्पेस(@नदीकाठ) = '१'"

साकोली गेली. पण लाखांदूरचं काय? यादीत नाही, आणि पूर आला तर तिथे सूचना जाणार नाही. खरी जोखीम इथे आहे. साकोलीला उगाच सूचना गेली तर चार लोक वैतागतील, एवढंच. म्हणून ज्यांच्यापुढे स्पष्ट नकार आहे त्यांनाच वगळायचं ठरवलं, तर दोन अटी सुचतात:

टेस्ट="@नदीकाठ != 'फॉल्स'"
टेस्ट="नॉट(@नदीकाठ = 'फॉल्स')"

वाचायला दोन्ही सारख्याच. पण पहिलीचा अर्थ असा की ‘फॉल्स’ नसलेलं असं एक तरी अॅट्रिब्यूट सापडलं पाहिजे. लाखांदूरला अॅट्रिब्यूटच नाही, म्हणून तो तालुका गळतो. दुसरी अट आधी ‘फॉल्स’ शोधते, तो सापडत नाही, आणि नॉट त्याचं ट्रू करतं. लाखांदूर यादीत येतो. सुरक्षेच्या कामात दुसरीच लिहावी, असं माझं ठाम मत आहे. (नकार ‘०’ असा लिहिला असण्याची शक्यता असेल तर तोही नॉटच्या कंसात ऑरने जोडावा.)

टेम्प्लेटला पॅरामीटर देतानाही हीच गंमत होते. विथ-पॅरॅमच्या टॅगमध्ये ‘फॉल्स’ हा मजकूर ठेवला तर तो झाडाचा तुकडा बनतो आणि असा तुकडा रिकामा असला तरी ट्रूच. तिथे सिलेक्ट="फॉल्स()" द्यावं. सिलेक्ट="फॉल्स" लिहिलं तर उत्तर बरोबर येतं, पण योगायोगाने: त्या नावाचा टॅग सापडत नाही म्हणून. तसंच सिलेक्ट="ट्रू" लिहून बघा, तेही फॉल्सच निघेल!

२३ जानेवारी २००७ ला एक्सएसएलटी २.० आली आणि ८ जून २०१७ ला ३.०. यांत एक्सएस:बूलियन(@नदीकाठ) लिहिता येतं आणि ते ‘फॉल्स’ला फॉल्सच मानतं. @नदीकाठ = ट्रू() हेही तिथे मनासारखं चालतं, मात्र कुणी ‘येस’ लिहून ठेवलं असेल तर एरर येते, आणि ती आलेलीच बरी. नुसतं @नदीकाठ तपासण्याचा नियम मात्र बदललेला नाही. शिवाय जावासोबत मिळणारा प्रोसेसर आणि एक्सएसएलटीप्रॉक हे दोन्ही १.० चेच आहेत. म्हणून स्टाइलशीटच्या पहिल्या ओळीतला व्हर्शन १.० चा २.० करण्याआधी ट्रू() शी केलेल्या सगळ्या तुलना शोधून काढा. त्याच ओळीचं उत्तर उलटं होऊ शकतं.

करून पाहण्यासाठी: वरच्या फाइलमध्ये मोहाडी तालुका नदीकाठ="" असा रिकामा ठेवून घाला आणि वरच्या सगळ्या अटी एकेक करून चालवा. मोहाडी कुठे येते, कुठे गळते, हे आधी कागदावर लिहा आणि मग मशीनला विचारा.