झालेली जागा ओळखायची

तू डेन्व्हरला येऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि जुलैमध्ये मैत्रिणींबरोबर डोंगरात दोन रात्री काढायचं ठरवलंस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. आरक्षणाच्या साइटवर सगळी कॅम्पग्राउंडं भरलेली दिसली म्हणून तू हिरमुसलीस, असंही ती म्हणाली. हिरमुसू नकोस. या डोंगरांत पैसे न भरता, आरक्षण न करता तंबू ठोकायला परवानगी आहे, आणि मी १९८८ पासून तेच करत आलो आहे. मला हे एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं शिकवलं. आता तुला सांगतो.

आधी एक घोळ मिटव. नॅशनल पार्क वेगळं आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळं. पार्कं इंटिरिअर खात्याच्या हाताखाली, १९१६ साली स्थापन झालेल्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत. तिथे ठरलेल्या जागेशिवाय आणि परवान्याशिवाय रात्री थांबता येत नाही, गाडीतसुद्धा झोपता येत नाही. फॉरेस्टं शेतीखात्याकडे आहेत. १९०५ पासून फॉरेस्ट सर्व्हिस त्यांचा कारभार पाहते. देशभरात अशी १५४ अरण्यं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जमिनीवर, खास मनाई नसेल तिथे, मुक्काम फुकट असतो. याला इथले लोक डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबा नाही. बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांची मर्यादा असते, तुला तिची अडचण येणार नाही. रॉकी माउंटन नॅशनल पार्कात जागा मिळाली नाही ना? त्याला लागूनच अरापाहो आणि रूझवेल्ट ही अरण्यं आहेत. पाटीकडे लक्ष ठेव. पार्कच्या खुणेचा आकार बाणाच्या टोकासारखा असतो, फॉरेस्टची खूण ढालीसारखी असते.

आता नकाशा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये फुकट जागांच्या याद्या सापडतात, मीही त्या बघतो. पण जी जागा तुला तिथे दिसते, ती त्याच शुक्रवारी आणखी पन्नास जणांना दिसलेली असते. खरं काम फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर व्हेइकल यूज मॅपवर होतं. हा काळापांढरा, दिसायला अगदी रुक्ष नकाशा रेंजरच्या कार्यालयात फुकट मिळतो आणि ॲव्हेन्झा नावाच्या ॲपमध्ये उतरवून घेतला तर रेंज नसतानाही तुझी गाडी कुठे आहे ते त्यावर दिसतं. गाडीला खुले असलेले रस्तेच त्यात दाखवलेले असतात. एखादा रस्ता समोर डोळ्यांना दिसतो आहे पण नकाशात नाही, तर तो बंद समजायचा आणि मागे वळायचं. काही रस्त्यांच्या कडेनं बारीक ठिपक्यांची किनार काढलेली असते. तिथे मुक्कामासाठी रस्ता सोडून गाडी आत नेता येते. किती आत न्यायची तो आकडा नकाशावरच छापलेला असतो, बऱ्याच ठिकाणी तो ३०० फूट आहे. ठिपके नसतील तिथे गाडी रस्त्यालगत लावायची आणि सामान खांद्यावर घेऊन चालायचं. मागच्या बाजूला तारखांचं कोष्टक असतं, ते वाचल्याशिवाय निघू नकोस. उंचावरचे कित्येक रस्ते बर्फ आणि चिखलामुळे जून उलटेपर्यंत फाटक लावून बंद असतात.

रंगीत नकाशात हिरव्या रंगाच्या अरण्यात मध्येच पांढरे तुकडे दिसतील. त्या खाजगी जमिनी. कोलोरॅडोत त्या फार आहेत, कारण १८७२ च्या खाणकायद्यानं लोकांना अरण्याच्या पोटातच खाणीच्या जमिनी मालकीच्या करून घेता आल्या. खाणी केव्हाच बंद पडल्या, मालकी राहिली. पडकं लाकडी घर, गंजलेले रूळ, रंग उडालेला दगडांचा ढीग दिसला की नकाशा पुन्हा उघड.

रस्त्याच्या क्रमांकाच्या पाट्याही वाचायला शीक. आकडे आडवे लिहिलेले असतील तर तुझी साधी गाडी बहुतेक जाईल. आकडे वरून खाली उभे लिहिलेले असतील तर तो रस्ता उंच गाडीचा आहे, तिथे शिरू नकोस. भाड्याची गाडी घेणार असाल तर कच्च्या रस्त्याबद्दल करारात काय लिहिलंय ते आधी बघा.

घरी बसून तीन रस्ते निवड, एक नको. ते एकाच रेंजर डिस्ट्रिक्टमध्ये असले तर उत्तम. मग गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी त्या कार्यालयात फोन कर, शनिवार-रविवारी बहुतेक कार्यालयं बंद असतात. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला जाताना आम्ही पायथ्याच्या गावात थांबून विचारायचो, वर पाणी आहे का, वाट नीट आहे का. इथे वाटेत गाव नाही, पण फोनवरचा तो माणूस तेच काम करतो. त्याला तीनच गोष्टी विचार: हा रस्ता वरपर्यंत उघडा आहे का, आगीवर कोणते निर्बंध आहेत, आणि अस्वलांसाठी अन्न ठेवण्याचा काही हुकूम लागू आहे का. चांगली जागा कुठे, असं विचारलंस तर तो गुळमुळीत उत्तर देईल. त्याऐवजी ‘या रस्त्यावर शनिवारी फार गर्दी असते का’ असं विचार. त्या उत्तरात सगळं कळतं.

पोचायचं ते उन्हात. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही रात्री दहाला पोचलो. टॉर्चच्या उजेडात सपाट, मऊ वाळू लागली, तंबू ठोकला आणि झोपलो. सकाळी बघतो तर आम्ही कोरड्या ओढ्याच्या पात्रात होतो, बाजूच्या झुडपांत मागच्या पुराचा काडीकचरा माझ्या छातीच्या उंचीवर अडकलेला. त्या रात्री पाऊस आला नाही, एवढंच. ३१ जुलै १९७६ ला इथल्याच बिग थॉम्पसन नदीच्या घळीत रात्री पूर आला आणि १४० हून अधिक माणसं गेली. पाऊस वर डोंगरात पडला होता, खाली कितीतरी लोकांना तो दिसलाही नव्हता. म्हणून दुपारी तीन-चारपर्यंत पोच. शक्य असेल तर गुरुवारी निघ, नाहीतर शुक्रवारी अर्धी सुट्टी टाक. डांबरी रस्ता सोडल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मैलांतल्या जागा आधी भरतात, तिथे थांबून हळहळत बसू नकोस, पुढे जा.

आता मुख्य गोष्ट. नवे लोक जागा ‘शोधतात’ म्हणजे एखादं सुंदर कुरण बघतात आणि त्यात गाडी घालतात. जागा शोधायची नसते गं, झालेली जागा ओळखायची असते. तुझ्या आधी तिथे कोणीतरी राहून गेलेलं असतं. रस्त्यापासून आत गेलेली चाकांची वाट, तुडवून टणक झालेली उघडी माती, दगडांचा काळवंडलेला गोल, या तीन खुणा. तिन्ही असतील तर उतर. गवत उभं असेल, फुलं असतील, पायाखाली माती मऊ लागत असेल, तर ती जागा कितीही आवडली तरी सोड. दहा हजार फुटांवर उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा असतो. एका रात्रीत चिरडलेलं झुडूप तेवढ्या दिवसांत सावरत नाही, आणि तुझ्या चाकांच्या खुणा बघून पुढच्या शनिवारी दुसरा तिथेच शिरतो.

झालेल्या जागेतही निवड असते. गाडीतून उतरलीस की आधी वर बघ. लॉजपोल पाइनची कितीतरी रानं गेल्या तीस वर्षांत सालीत शिरणाऱ्या भुंग्यांनी मारली आहेत. मेलेली झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात आणि वारा नसतानाही पडतात. करडं, सालं सुटलेलं, बिनपानाचं झाड जेवढं उंच, त्याहून जास्त अंतर तंबूनं त्याच्यापासून ठेवायचं. दुसरं, पाणी. ओढ्यापासून सत्तर पावलं मागे, म्हणजे साधारण दोनशे फूट. रात्री जनावरांना पाण्यावर यायचं असतं, त्यांची वाट अडवायची नाही. तिसरं, थंडी. थंड हवा रात्री उतारावरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साठते. कुरणात तंबू टाकलेल्यांच्या कापडावर सकाळी बर्फाची साय असते आणि पन्नास फूट वर, झाडांच्या कडेच्या टप्प्यावर झोपलेले कोरडे असतात. जुलैतसुद्धा. म्हणून गोधडीच्या भरवशावर राहू नकोस, चांगली स्लीपिंग बॅग भाड्यानं मिळते.

तू पुण्याहून आलेली. डेन्व्हरच मुळात समुद्रापासून ५,२८० फुटांवर आहे. पहिली रात्र आठ-साडेआठ हजारांच्या वर काढू नकोस, दुसरी दहा हजारांवर काढ. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर गोळी घेऊन पडून राहायचं नाही, खाली उतरायचं. आणि दुपारी ढग चढायला लागले की उघड्या माथ्यावरून झाडीत परत यायचं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी वीज पडणं हा रोजचा प्रकार आहे. माथ्यावर जायचं तर पहाटे निघा आणि बाराच्या आत माघारी फिरा.

स्वयंपाकाचं सांगतो, कारण आपली मुलं इथेच फसतात. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. साध्या पातेल्यात डाळ शिजत नाही, भात कचकचीत राहतो. एक तर छोटा कुकर ने, नाहीतर पोहे, उपमा, घरून करून आणलेली थालीपिठं. ओढ्याचं पाणी गाळणीतून गाळ किंवा खळखळून उकळ. साडेसहा हजार फुटांच्या वर एक मिनिट पुरत नाही, तीन मिनिटं धर. हिंगाची फोडणी तंबूच्या दाराशी देऊ नकोस. काळ्या अस्वलाचं नाक फार तेज असतं. शेगडी तंबूपासून सत्तर पावलांवर ठेव, आणि झोपण्याआधी लसणाच्या चटणीपासून टूथपेस्ट आणि ओठांच्या मलमापर्यंत वास येणारी प्रत्येक वस्तू गाडीत ठेवून काचा वर, कुलूप बंद. इथली अस्वलं बिनकुलपाचं दार उघडतात. तंबूत साधी चॉकलेटची चांदीही नको. आणि मूस दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नकोस. तो शांत उभा असतो म्हणून लोक फसतात.

आगीविषयी माझं मत कडक आहे. निर्बंध पहिल्या टप्प्याचे असले तरी अशा मोकळ्या जागेत शेकोटीला मनाई असते. बंद करायची कळ असलेली गॅसची शेगडी चालते. निर्बंध नसले तरी जुलैत मी शेकोटी करत नाही. २००२ साली पाइक अरण्यातला हेमन वणवा एका माणसाच्या हातून लागला आणि १ लाख ३७ हजार एकरांहून अधिक जाळून गेला. वीस वर्षांनंतरही मी त्या भागातून गेलो तर डोंगरच्या डोंगर उघडे होते. पेटवलीसच तर असलेल्या गोलातच पेटव, खाली पडलेलं सुकं लाकूडच घे, आणि विझवताना पाणी ओत, ढवळ, पुन्हा ओत, शेवटी राखेला हाताचा पंजा लावून बघ. हाताला ऊब लागली तर विझलेली नाही.

आणखी एक, संकोच न करता. शौचाला पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून सत्तर पावलं दूर जा. लहान खुरपं ने, सहा ते आठ इंच खड्डा खण, नंतर माती ओढ. लोक कागद दगडाखाली दडपून जातात. तो तसाच राहतो, उंदीर-खारी उकरून काढतात. कागद पिशवीत बांधून परत आणायचा. आपली पाण्याची सवय इथे फार कामाची आहे, एक बाटली त्यासाठी वेगळी ठेव.

हे सगळं मी बारकाईनं सांगतो आहे याला कारण आहे. क्रेस्टेड बटच्या आसपासच्या खोऱ्यांत मी पूर्वी कुठेही उतरायचो. गर्दी वाढली, कुरणांत गाड्या शिरल्या, झाडांमागे कागद साठले. २०२१ पासून तिथे खांब रोवून ठरवून दिलेल्या जागांवरच राहता येतं. फॉरेस्ट सर्व्हिसला मी दोष देत नाही, त्यांनी केलं ते बरोबरच होतं. पण एकेक खोरं असं बंद होत जाताना मी पाहतो आहे. निघताना कचऱ्याची पिशवी भरून घे, तुमच्या आधीच्यांचाही कचरा त्यात घाल, आणि पाहिलेल्या जागेचा नेमका पत्ता इन्स्टाग्रामवर टाकू नकोस. मैत्रिणीला सांगायचं असेल तर तोंडी सांग, आणि हे सगळंही सोबत सांग.

तिथे फोनला रेंज नसेल. म्हणून निघण्याआधी मला तीनही रस्त्यांचे क्रमांक, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ लिहून पाठव. जागा बदललीत तर रेंज सुटण्याआधी एक मेसेज टाक. इथे डोंगरात हरवलेल्यांना शोधायचं काम काउंटीच्या शेरिफकडे असतं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मी तुझ्या फोनची वाट बघेन, आठ वाजता शेरिफच्या कार्यालयाला फोन करेन.